आडनावापुरता माणूस

साडेआठ वर्षं मी आयफेल टॉवरखाली उभं राहून लोकांना चुकीची माहिती दिली. अगदी आत्मविश्वासानं, छत्री उंच धरून.

मी टूर मॅनेजर. मुंबई-पुण्याचे ग्रुप घेऊन युरोपात येतो. पॅरिसला लिफ्टची रांग तासभर हलत नाही तेव्हा लोकांना काहीतरी खाऊ लागतो. आधी चिवडा, मग गोष्टी. टॉवरच्या पहिल्या मजल्याच्या सज्जाखाली सोनेरी अक्षरांत नावं कोरलेली आहेत. चारी बाजूंना अठरा-अठरा, एकूण ७२. अक्षरं ६० सेंटिमीटर उंच, तरी खालून बघताना मान अवघडतेच. त्यातलं 'ड्यूमा' दिसलं की मी म्हणायचो, "तो बघा, मस्केटिअर्सवाला लेखक!" लोक खूश. फोटो निघायचे.

त्या दिवशी ग्रुपमध्ये सांगलीच्या एक निवृत्त बाई होत्या, गणिताच्या. गुडघ्याला पट्टा, हातात घडीची काठी. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे बाळा, गुस्ताव आयफेल इंजिनिअर माणूस. तो कादंबरीकाराचं नाव इथं कशाला घालेल? हा ज्याँ-बाप्तिस्त ड्यूमा. रसायनवाला."

सगळ्यांसमोर. मला रांगेतून पळून जावंसं वाटलं.

पण बाईंना थांबायचंच नव्हतं. आयफेलनं नुसती आडनावं कोरली आणि आपली पंचाईत करून ठेवली, हे त्यांचं म्हणणं. 'बेकरेल' वाचलं की किरणोत्सर्ग आठवतो, पण टॉवर उघडला १८८९ साली आणि तो शोध १८९६चा. म्हणजे हा तो शोध लावणारा आन्री बेकरेल नव्हे, त्याचे आजोबा. बारावीच्या रसायनात आपल्याला छळणारा 'ल शातेलिए'? हे त्याचे वडील, रेल्वेचे इंजिनिअर. 'फुरिए' म्हणजे जोसेफ, उष्णतेचं गणित मांडणारा. त्याच काळात शार्ल फुरिए नावाचा समाजवादीही होता. 'पेरिए' वाचून आमच्यातल्या एका काकांनी हातातली त्याच नावाच्या पाण्याची बाटली वर केली. बाई म्हणाल्या, "पाण्याशी काही संबंध नाही हो, हे भूगोलवाले जनरल."

'कार्नो'वर मात्र त्या रेंगाळल्या. टॉवरवरचा कार्नो लाझार. गणिती, आणि क्रांतीच्या काळात फ्रान्सचं सैन्य उभं करणारा. त्याला फारसी कवी सादी इतका आवडायचा की मुलाचं नावच सादी ठेवलं. तो सादी कार्नो उष्णतेच्या इंजिनाचा सिद्धान्त मांडून १८३२ साली कॉलऱ्यानं गेला, वय अवघं ३६. पुढे पुतण्यालाही सादीच नाव मिळालं. हा दुसरा सादी कार्नो फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि ज्या प्रदर्शनासाठी हा टॉवर बांधला त्याचं उद्घाटन त्यानंच केलं. पाच वर्षांनी लियाँमध्ये त्याचा खून झाला. शिराझच्या कवीचं नाव फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला! मी हे आजवर एकदाही सांगितलं नव्हतं, कारण मला ठाऊकच नव्हतं.

खरा धक्का रात्री हॉटेलच्या लॉबीत बसला. बाईंनी मोबाइल पुढे केला. एका माणसाचं बाजूनं काढलेलं चित्र, नाक-हनुवटी ठसठशीत. "हा कोण?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"तीस वर्षं माझ्या वर्गाच्या भिंतीवर लजांद्र म्हणून होता. आद्रियँ-मारी लजांद्र. भूमितीचं पुस्तक लिहिणारा, १८०५ साली 'सर्वांत लहान वर्गांची रीत' छापणारा, म्हणजे मोजमापांतल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायची रीत. टॉवरच्या ट्रोकाडेरो चौकाकडच्या बाजूला त्याचं नाव आहे, दुपारी तुला दाखवलं ना, तोच. दरवर्षी गणित दिनाला मी पोरांकडून या फोटोला हार घालून घेत होते."

"मग?"

"हा तो नाहीच!"

तो होता लुई लजांद्र. पॅरिसमध्ये त्याचं मटणाचं दुकान. क्रांतीत बास्ती तुरुंगावरच्या हल्ल्यात सामील, क्रांतीचा पुढारी दाँतों याचा दोस्त. १७९२ साली जमाव राजवाड्यात घुसला तेव्हा राजा सोळाव्या लुईला 'महाराज' न म्हणता नुसतं 'मस्यू' म्हणून सुनावणारा. दोन्ही लजांद्र जन्मले १७५२ सालीच. चित्राखाली फक्त 'लजांद्र' एवढंच लिहिलेलं, आणि ते छापलं गेलं लाग्रांजसारख्या गणित्यांच्या पंगतीत. तिथून पुढे दोनेकशे वर्षं प्रत्येकानं मागच्याचं बघून उतरवलं. चूक लक्षात आली २००५ साली.

"आणि खरा चेहरा?"

त्यांनी दुसरं चित्र उघडलं. ब्वायी नावाच्या चित्रकारानं १८२०च्या सुमारास फ्रान्सच्या 'इन्स्टिट्यूट' या विद्वानांच्या संस्थेच्या ७३ सभासदांची अर्कचित्रं रंगवली होती, त्यांतलं एक. ते पुन्हा हाती लागलं २००८ साली. केस विस्कटलेले, तोंड वाकडं, समोरच्यावर खेकसायच्या बेतात असल्यासारखा म्हातारा. शेजारी गुबगुबीत फुरिए. गणितज्ञ लजांद्रचं माहीत असलेलं चित्र एवढंच, आणि तेही थट्टेचं.

"वहीत चुकलेलं गणित खोडता येतं," बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "पण तीस बॅचेसच्या पोरांना आता कुठे शोधू?" मग एकदम हसायलाच लागल्या. काउंटरवरचा पोरगा बघत राहिला. मीही हसलो. दिवसाच्या फजितीचा सल थोडा कमी झाला, खोटं कशाला बोलू.

झोपण्याआधी मी माझी नोंदवही काढली आणि 'ड्यूमा' खोडलं. मग नावांची सगळी यादी बाईंकडून तपासून घेतली. रात्रीचा एक वाजला.

दुसऱ्या दिवशी वर्सायचा राजवाडा होता. बस थांबली, मी नेहमीप्रमाणे पासपोर्ट-पाणी-टोप्यांचा घोष केला. बाई शेवटी उतरल्या, काठी टेकवून क्षणभर गावाकडे बघत उभ्या राहिल्या.

"लुई लजांद्रचा जन्म इथलाच बरं का," म्हणाल्या. "माझा भिंतीवरचा."