बाईंची काळी मेंदी

लग्नसराईत पार्लरमध्ये काळी मेंदी मागणारं कुणीतरी येतंच. "माझ्याकडे नाही, आणि दुसरीकडे मिळाली तरी लावू नका," एवढं सांगून मी मोकळी होते. त्या दिवशी मात्र मागणाऱ्या होत्या आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. त्यांना नाही म्हणायची सवय माझ्या जिभेला नव्हती.

बाई सुनेला घेऊन आल्या होत्या. भाच्याचं लग्न तोंडावर आलं होतं. सुनेचे केस खांद्यापर्यंत, काळेभोर. तिला मेंदी लावून बर्गंडी, म्हणजे गडद लालसर रंग हवा होता. बाईंनी पर्समधून पाकीट काढलं. "हिच्याबरोबर माझीही उरकून टाक. अर्ध्या तासात होते ही." मी काही बोलायच्या आत पुढे, "डाय मी कधी लावत नाही हं. केमिकल मला चालतच नाही. मेंदीच लावते."

अर्धा तास म्हटल्यावर मी सावध झाले. खरी मेंदी तेवढ्या वेळात पांढऱ्या केसाला फार तर फिकट केशरी करते. आणि काळं? ते ती रात्रभर ठेवली तरी करत नाही. बाईंच्या कानामागचे केस बाजूला केले तर कातडी लाल, खरखरीत, मानेवर खाजवल्याच्या खुणा. कपाळाच्या कडेलाही तेच.

"बाई, हे कधीपासून?"

"उन्हाळ्याचं आहे गं. मेंदी लावली की दोन-तीन दिवस जरा वाढतं. उष्णता बाहेर पडते ना."

पाकिटावर पुढे हिरवीगार पानं. मागे घटकांची यादी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. सुनेच्या मोबाइलवर फोटो मोठा करून वाचली तेव्हा मेंदीनंतर सापडलं पॅराफेनिलीनडायअमाइन. म्हणजे पीपीडी, डायमध्ये असतं तेच. जोडीला बेरियम पेरॉक्साइड, तो रंग फुलवायला. बाई डाय लावत नव्हत्या, पण डाय बाईंना लागत होता.

हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "सिद्ध कर."

मग दोन पांढऱ्या बश्या घेतल्या. एकीत त्यांची पूड, दुसरीत माझी सोजतची. सोजत म्हणजे राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातली मेंदीची मोठी पेठ. तिथल्या मेंदीला 2021 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. दोन्हींत कोमट पाणी घातलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत बाईंची बशी काळपट झाली होती. माझी शेवाळी ती शेवाळीच, सुकलेल्या पाल्याच्या वासाची. बाईंनी दोन्ही बश्या नाकाशी नेल्या, चष्मा वर केला, खाली केला. "हं," एवढंच म्हणाल्या. वर्गात उत्तर बरोबर आलं की तेवढंच मिळायचं.

त्यांच्या केसांना मी काहीच लावलं नाही. ना ती, ना माझी. सोललेल्या कातडीवर शुद्ध मेंदीही नको, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, म्हटलं. पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते, आणि दर खेपेला जास्त जोरानं उठू शकते. डोळे मिटतील इतका चेहरा सुजलेली माणसं या धंद्यात पाहायला मिळतात. बाई रागावल्या. लग्नात पांढऱ्या कानशिलांनी फिरू का, असं विचारलं. फिरा, म्हटलं. शाळेत असतं तर वर्गाबाहेर उभी राहिले असते.

राहिली सून. तिला आधीच सांगितलं, बर्गंडी होणार नाही. मेंदी केसातला मूळ काळा रंग काढत नाही. पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटीन या प्रथिनाला चिकटतं आणि वर तांबूस झाक चढवतं, बस. काळ्यावर ती झाक सावलीत दिसतही नाही. तरी लाव म्हणाली.

रोजच्या गिऱ्हाइकांसाठी मेंदी आदल्या रात्रीच भिजवलेली असते: पूड मलमलीतून चाळून, चहाच्या कोऱ्या पाण्यात, थोडं लिंबू. लोखंडी कढईत, आवळा घालून, हे आमच्या आईचं. आवळ्यातला तुरटपणा आणि लोखंड मिळून रंग गडद होतो. अंडं मी घालत नाही. त्यानं काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही, वास मात्र चार दिवस जात नाही. लिंबू जास्त झालं तर केस चरचरीत कोरडे होतात, म्हणून लावायच्या आधी दोन चमचे दही. तेल लावलेल्या केसांवर रंग धरत नाही, तेल नंतर.

तीन तासांनी नुसत्या पाण्यानं धुतलं. शाम्पू दोन दिवस नाही, कारण रंग हवेत अजून पिकत असतो. केस वाळवले. आरशात सून हिरमुसली, केस जसेच्या तसे काळे. "बाहेर चल," म्हणून तिला पायरीवर उन्हात उभं केलं आणि मागून मोबाइलवर फोटो काढला. कडांना तांब्याची लकाकी, आणि भांगात तिचे जे दोन-चार पांढरे होते ते झगझगीत केशरी. फोटो पाहून ती हसली. बाईंनी तिचे केस मुठीत धरून पाहिले. "जाड लागतायत." लागणारच; मेंदीचा थर बसला की केस भरल्यासारखे होतात, टोकं कमी उडतात. पण हा थर सहजी उतरत नाही, पुढे हायलाइट्स करायचे असतील तर त्या पार्लरवालीला मेंदी लावल्याचं सांगायचं, हेही तिला बजावलं.

बाईंनी लग्न पांढऱ्या कानशिलांनीच पार पाडलं. नंतर डॉक्टरांनी पाठीवर चिकटपट्ट्या लावून तपासणी केली, पीपीडीच्या जागी लाल चकंदळ उठलं. "बहुतेक सगळे डाय बंद" असं त्यांनी कागदावर लिहून दिलं, तो कागद बाईंनी लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलाय.

कातडी बरी झाल्यावर आम्ही दुसरी वाट धरली. आधी कोपराच्या आत माझी मेंदी आणि निळीच्या पानांची पूड थोडी थोडी लावून दोन दिवस थांबलो. मग एक दिवस साधी मेंदी, त्यानं पांढरे केशरी झाले. दुसऱ्या दिवशी निळीच्या पानांची पूड. ती पाण्यात कालवून लगेच लावायची, लिंबू अजिबात नाही, चिमूटभर मीठ. केशरीवर नीळ चढली की काळपट तपकिरी रंग येतो. वेळ मोडतो, पैसेही जास्त. बाई तक्रार करतात ती एवढीच. आता येतात तेव्हा पाकीट माझंच असलं तरी आधी मागची बाजू वाचतात, आणि निळीच्या पाकिटावर घटक छापलेले नसले तर परत करायला लावतात.