सॉल्ट लेकच्या मंदिराचा पाया

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं मंदिर आहे. त्याचे फोटो पाहणाऱ्याची नजर सहा मनोऱ्यांवर आणि टोकावरच्या सोनेरी मोरोनाय देवदूतावर जाते. या इमारतीची खरी गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. बांधकामाला चाळीस वर्षं का लागली, याचं निम्मं उत्तर पायातच सापडतं.

मॉर्मनांचे नेते ब्रिगम यंग आणि त्यांचे अनुयायी जुलै 1847 मध्ये युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले आणि चारच दिवसांत, 28 जुलैला, यंग यांनी मंदिराची जागा ठरवली. (मॉर्मन लोकांची रविवारची प्रार्थना मंदिरात होत नाही. त्यासाठी वेगळी सभागृहं असतात. मंदिर विवाहबंधनासारख्या खास विधींसाठी राखलेलं असतं.) फेब्रुवारी 1853 मध्ये कुदळ पडली आणि 6 एप्रिलला कोनशिला बसल्या. आराखडे ट्रुमन एंजेल यांचे.

पायासाठी जवळच्या रेड ब्यूट दरीतला वालुकाश्म आणला. तो हाताशी होता, फोडायला सोपा होता. 1857 मध्ये अमेरिकेच्या सरकारने युटाकडे फौज धाडल्याची बातमी आली. तेव्हा पाया मातीने बुजवून वरून नांगर फिरवला, म्हणजे येणाऱ्याला नुसतं शेत दिसावं. 1858 च्या उन्हाळ्यात फौज शहरातून शांतपणे पुढे गेली. पुढे माती काढल्यावर पायाला तडे गेलेले दिसले. दोष बांधणीतच होता. मोठ्या दगडांमधल्या फटी बारीक चिपा आणि चुन्याने भरल्या होत्या. अशा जोडणीत भार दगडावरून थेट दगडावर उतरत नाही. चिपा चुरडतात, चुना दबतो, एक कोपरा खचतो आणि वरचा दगड तडकतो. कुठलाही गवंडी हे ओळखेल. सदोष भाग काढून मोठे, नीट घडवलेले दगड एकमेकांवर चपखल बसवायचं ठरलं. वर्षं गेली, पण त्या काळात याहून शहाणा निर्णय कुणी घेतला असता असं मला वाटत नाही.

वरच्या भिंतींसाठी सुमारे 20 मैलांवरच्या लिटल कॉटनवुड दरीतला दगड निवडला. सगळे त्याला ग्रॅनाइट म्हणतात, भूशास्त्रात तो क्वार्ट्‌झ मॉन्झोनाइट. कड्याला सुरुंग लावून तो काढावा लागला नाही, दरीच्या तळाशी घरंगळून आलेले प्रचंड धोंडे पडलेलेच होते. पाथरवट धोंड्यावर एका रेषेत हाताने भोकं पाडत, त्यांत लोखंडी पाचरी बसवत आणि त्या आळीपाळीने ठोकत नेत. एकाच पाचरीवर जोर दिला तर दगड रेषा सोडून भलतीकडे फुटतो. साधारण आकार दरीतच द्यायचा, बारीक घडाई मंदिराच्या आवारात साच्याबरहुकूम करायची. एकेका दगडाचं वजन टन-दोन टन. बैलगाडीला एका खेपेला तीन-चार दिवस लागत, आणि चाक मोडलं की दगड वाटेतच पडून राहायचा. 1873 मध्ये रेल्वे खाणीपर्यंत आली तेव्हा कुठे वेग आला. तरीही 1877 मध्ये यंग वारले तेव्हा भिंती जमिनीपासून जेमतेम 20 फूट वर आल्या होत्या. एंजेलही 1887 मध्ये गेले आणि काम जोसेफ डॉन कार्लोस यंग यांनी पुरं केलं.

भिंती तळाशी 9 फूट जाड, वर 6 फूट. पूर्वेचा मधला मनोरा 210 फूट उंच. भिंतींवर पृथ्वी, चंद्र, सूर्य आणि तारे कोरलेले दगड आहेत, पश्चिमेच्या मनोऱ्यावर सप्तर्षी. 6 एप्रिल 1892 ला शेवटचा दगड आणि सायरस डॅलिन यांनी घडवलेला देवदूत बसला, बरोबर वर्षाने पंथाचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी मंदिर अर्पण केलं.

एवढ्या जाड भिंती भूकंपात सुरक्षित असतील असं वाटतं, पण उलट आहे. दगड दाब उत्तम सोसतो, ताण नाही, आणि वजन जितकं जास्त तितका भूकंपाचा झटका मोठा. वासॅच भ्रंश, म्हणजे जिथे खडक सरकून भूकंप होतात ती जमिनीतली भेग, शहराच्या अगदी लगत आहे. म्हणून डिसेंबर 2019 च्या अखेरीस मंदिर बंद करून पुन्हा पायाला हात घातला. 18 मार्च 2020 ला 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला आणि देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली.

जुन्या पायाखाली आडवे पोलादी पाइप ढकलायचे, आतली माती काढायची, सळया घालून काँक्रीट भरायचं. हे टप्प्याटप्प्यानेच करावं लागतं, कारण एका वेळी जास्त माती काढली तर वरची भिंत खचते. अशा नव्या आधारावर 98 भूकंपरोधक बैठका बसवल्या. जमीन हलली की त्या सरकतात, इमारत मागे राहून संथ डोलते. त्यासाठी चारी बाजूंनी मोकळा खंदक लागतो आणि पाणी, गॅस, विजेच्या जोडण्या लवचीक ठेवाव्या लागतात. खंदकात कुणी पक्की पायरी बांधली तर तेवढ्या जागी इमारत पुन्हा जमिनीला जखडली जाते. वरून भिंतींच्या पोटात उभी छिद्रं पाडून पोलादी केबल ओढून ताणल्या आहेत, म्हणजे दगडाला न झेपणारा ताण त्या घेतील.