मार्टी, ऊना आणि यमुना

रविवारी सकाळी आठला, उपासनेला निघण्याआधी, मी नगरला आत्याला फोन लावते. हिवाळ्यात तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. ‘सलाम आत्या’ म्हटलं की तिची गुडघेदुखी, मग पाणी कधी आलं, मग तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या बातम्या, असा आमचा क्रम ठरलेला होता. जानेवारीपासून तो बदलला. आता ती आधी विचारते, “पुढे काय झालं गं त्या पोरीचं?”

ती पोरगी म्हणजे मार्टी. जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची १९७९ साली आलेली ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी आहे, तिची नायिका. ख्रिस्ती प्रेमकथांचा आजचा जो मोठा प्रवाह अमेरिकेत दिसतो, तो या पुस्तकाच्या यशानंतर जोरात वाहू लागला. मला ते अमेरिकेत, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मिळालं. पाच वाजता अंधार, अंगणात गुडघाभर बर्फ, आणि वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एक डॉलरला घेतलेलं हे पेपरबॅक.

ग्रँड रॅपिड्स हे या पुस्तकांचं माहेर म्हणावं असं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समधून आलेल्या रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी पश्चिम मिशिगनमध्ये वस्ती केली, चर्च बांधली, शाळा काढल्या, आणि मग छापखाने. अर्डमन्स १९११ची, बेकर १९३९ची. झोंडरव्हॅन ही तिसरी मोठी संस्था, १९३१ साली शेजारच्या ग्रँडव्हिलमध्ये दोन भावांनी सुरू केलेली. आधी इथे धर्मशास्त्र आणि प्रवचनं छापली जात, कादंबऱ्यांची लाट नंतर आली. मार्टीची गोष्ट छापणारी मिनेसोटातली बेथनी हाउसही २००३मध्ये बेकरच्या घरात आली. इथल्या बऱ्याच चर्चमध्ये एक खोली वाचनालयाची असते. आमच्याही चर्चमध्ये आहे. तिथल्या कपाटात लांब झग्यातल्या, टोपीची नाडी हनुवटीखाली बांधलेल्या बायका मुखपृष्ठांवर गव्हाच्या शेताकडे बघत उभ्या असतात. वाचनालय सांभाळणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. पुस्तक देताना त्या एवढंच सांगतात, “या पुस्तकाला घाई करू नका.”

त्यांचं म्हणणं मला मार्टी वाचताना कळलं. गोष्ट अशी. एकोणीस वर्षांची मार्टी नवऱ्याबरोबर कापडी छताच्या गाडीतून पश्चिमेला निघालेली. वाटेत नवरा अपघातात जातो. ती गरोदर, हातात पैसा नाही, हिवाळा तोंडावर. नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक अनोळखी शेतकरी तिला लग्नाचं विचारतो. त्याची बायको वारली आहे, घरात लहान मुलगी आहे, तिला आई हवी आहे. तो म्हणतो, वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेला जाईल, तेव्हा तुला परत जायचं असेल तर भाडं मी देईन. आणि स्वतःचं अंथरूण पडवीत टाकतो.

पुढे सगळं पुस्तक फक्त स्वयंपाक, कोंबड्या, धुणं, बाळंतपण आणि थंडी. क्लार्क जेवणाआधी प्रार्थना करतो, मार्टी ऐकते. तिच्या नवऱ्याच्या घरी कुणी देवाशी असं बोललेलं तिने पाहिलेलं नाही. तिला कुणी उपदेश करत नाही. प्रेम येतं ते शेवटी शेवटी, आणि आलं तेव्हा मला आठवेना की ते नक्की कुठल्या पानावर सुरू झालं होतं. मला या प्रकारातलं हेच सर्वात आवडतं. या पुस्तकांत शरीरसंबंधांची वर्णनं नसतात, शिव्या नसतात, हे सगळे सांगतात. पण त्यामुळे काय होतं ते कमी जण सांगतात. लेखिकेला मग दोन माणसांमधला विश्वास कसा वाढतो तेच दाखवावं लागतं. भरून ठेवलेली पाण्याची घागर, न बोलता दुरुस्त केलेलं दार, अशा गोष्टींतून.

आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याच दिवशी लग्न? आणि कुणी नावं ठेवली नाहीत?”

तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मार्टीची गोष्ट घडते ती एकोणिसाव्या शतकात. त्याच शतकात, १८५६ साली, आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ छापली गेली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ती शाळेत एका ओळीत शिकतो. पण ती एका ख्रिस्ती लेखकाने लिहिलेली आहे, आणि तिच्यात एक जोडपंही आहे! यमुना आणि विनायक प्रवासाला निघतात, जागोजागी विधवांची दुःखं बघतात, मग विनायक मरण पावतो आणि यमुनेवर तीच वेळ येते. शेवटी ती बाप्तिस्मा घेते आणि पुन्हा लग्न करते. म्हणजे इथल्या प्रेअरीवर, गवताळ माळरानावर, जी गोष्ट एका दुपारी होऊन जाते, तिच्यासाठी तिथे एका लेखकाला अख्खी कादंबरी लिहावी लागली. मी ती इथे, बर्फात बसून, मोबाइलवर पहिल्यांदा नीट वाचली. प्रेमकथा म्हणून ती कोरडी आहे, माहिती आणि वाद फार. तरी यमुना आणि विनायक एकमेकांशी ज्या बरोबरीने बोलतात, ते १८५७मध्ये लिहिलं गेलं हे आठवलं की मला भरून येतं.

फँटसीकडे, म्हणजे अद्भुतकथांकडे, मी उशिरा वळले. अ‍ॅन एलिझाबेथ स्टेंगल यांची ‘हार्टलेस’ (२०१०) आजींनीच हातात ठेवली. ऊना नावाची राजकन्या. तिला मागणी घालायला एक साधासा, वयाने थोर वाटणारा राजपुत्र येतो आणि ती त्याला नाकारते. मन ती दुसऱ्यालाच देऊन बसते, आणि दुःखात अशी जळते की स्वतःच ड्रॅगन होते. नाकारलेला राजपुत्र तिला शोधत येतो. येशूचं नाव यात कुठेही नाही. मला मात्र पानोपानी आमच्या घरातलं ‘यात्रिकक्रमण’ आठवत होतं. जॉन बन्यनच्या १६७८च्या रूपककथेचा हा मराठी अनुवाद १८४१ साली आला. आजोबा आम्हाला त्यातला निराशेचा राक्षस आणि संशयाचा किल्ला वाचून दाखवायचे. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या मुलाला फँटसी परकी नसते, ती रात्री कंदिलाच्या उजेडात ऐकलेली असते.

सगळीच पुस्तकं मला पटत नाहीत, आणि जे पटत नाही तेही इथे सांगायला हवं. मध्ययुगातल्या जर्मनीत घडणाऱ्या काही कादंबऱ्यांत गावातली पोरगी स्वतःचं बायबल उघडून स्वतःच्या भाषेत वाचत बसते. गुटेनबर्गचं छापील बायबल १४५५च्या सुमाराचं, तेही लॅटिनमध्ये, आणि किंमत श्रीमंतांना परवडेल अशी. ती पोरगी मग मला मध्ययुगातली वाटत नाही. प्रेअरीच्या कथांत जमीन रिकामी असते, जणू गाड्या येण्याआधी तिथे कुणी नव्हतंच. मी जिथे राहते त्या ग्रँड नदीच्या काठी ओडावा या इथल्या मूळ रहिवाशांची गावं होती. हे लिहिणारी प्रेमकथा मला वाचायची आहे.

फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या ‘रिडीमिंग लव्ह’बद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची आणि त्याला सोडून गेलेल्या बायकोची कथा त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीच्या काळात, १८५०च्या आसपास, आणून बसवली आहे. लहानपणी वेश्याव्यवसायात विकली गेलेली एंजल आणि तिला पुन्हा पुन्हा घरी आणणारा मायकेल. पवित्र शास्त्रात होशेयाने पंधरा शेकेल चांदी आणि जव देऊन बायकोला परत आणलं, हे आम्ही संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं. तिथे तिचं म्हणणं काय होतं हे कुणी विचारलं नाही. रिव्हर्स विचारतात, याचं मला मोल वाटतं. पण मायकेल तिच्या ‘नाही’ला फार लवकर ओलांडतो, असं मला दोन्ही वाचनांत वाटलं. आजींना तसं वाटत नाही. आमचं यावर दोनदा बोलणं झालं, एकदा कॉफी थंड होईपर्यंत.

आत्याला मी ते पुस्तक अजून सांगितलेलं नाही. तिला नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंची गोष्ट जास्त जवळची. १८९५मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, दोघं काही वर्षं दुरावली, आणि मग लक्ष्मीबाई स्वतःच्या पायांनी परत आल्या. “ही खरी झालेली आहे,” आत्या म्हणते, “तुझ्या त्या गव्हाच्या शेतातल्या बायकांनी ही वाचायला हवी.” ‘स्मृतिचित्रे’तली काही पानं मी आजींसाठी इंग्रजीत करायला घेतली आहेत. पहिली तीन झाली.

गेल्या रविवारी ऊना ड्रॅगन झाली तिथे मी थांबले, उपासनेची वेळ झाली होती. फोन ठेवताना आत्या म्हणाली, “अगं, एवढं तरी सांग, तो येतो ना तिला शोधायला?”