कॉर्ड स्वच्छ वाजत नाही? आधी गिटार, मग बोटं

नव्याने शिकणाऱ्याची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) खरखरली की सगळे त्याच्या बोटांकडे बघतात. मालवणात भाचीला गिटार शिकवताना मी सुरुवात गिटारपासून केली. किनारपट्टीवर राहणाऱ्या प्रत्येकाने तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उरलेले महिने खारा वारा असतोच. लाकूड दमट हवा पितं, ब्रिजच्या (खोक्यावर तारा अडकवायच्या पट्टीच्या) मागचा भाग फुगतो, तारांच्या ओढीने नेक (गिटारची लांब दांडी) पुढे वाकते आणि तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरच्या, बोटं टेकायच्या फळीपासून) वर जातात. प्लायवूडची गिटार अख्ख्या लाकडाच्या गिटारीपेक्षा कमी फुगते, पण नेक तिचीही वाकते. अशा गिटारवर मुलीने कितीही जोर लावला तरी तार नीट दबत नाही, बोटं तेवढी सोलवटतात.

तपासायला स्टीलची पट्टी पुरते. गिटार सुरात लावायची आणि बाराव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेलं एकेक घर) खोक्याकडच्या पट्टीपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. जाड सहावी तार साधारण 2.5 मिलिमीटर आणि बारीक पहिली 2 मिलिमीटर उंच असली की हात सुखावतो. भाचीच्या गिटारवर ही अंतरं 4 आणि 3.2 भरली.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नये: आधी तारा, मग नेक, शेवटी सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी). तारा बदलल्या की ओढ बदलते आणि नेकचा बाकही बदलतो, त्यामुळे उलट्या क्रमाने केलेलं काम पुन्हा करावं लागतं. गिटारवर 12 नंबरचा सेट होता (नंबर म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), तोही गंजलेला. तो काढून 10 ते 47 चा एक्स्ट्रा लाइट सेट चढवला. आवाज थोडा पातळ होतो, पण शिकणाऱ्या बोटांसाठी तो सौदा फायद्याचा आहे. पैसे असतील तर कोटिंगच्या (वर लेप दिलेल्या) तारा घ्या, खाऱ्या हवेत त्या जास्त टिकतात. साध्या तारा असतील तर वाजवून झालं की प्रत्येक तार सुक्या सुती कापडाने वरून आणि खालूनही पुसायची.

मग नेक. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे खोक्याला मिळते तिथे, म्हणजे बहुतेक गिटारींत चौदाव्या फ्रेटवर, एकाच वेळी दाबायची. आता सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली 0.2 ते 0.3 मिलिमीटर फट दिसायला हवी, म्हणजे साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) ॲलन कीने (षटकोनी चावीने) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा घट्ट करायचा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे जायचं नाही. कडक लागलं तर तिथेच थांबायचं, कारण रॉड तुटला तर नेकच गेली.

नेक सरळ झाल्यावर उंची थोडी खाली येते, उरलेलं काम सॅडलचं. इथला हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: बाराव्या फ्रेटवर तार 0.5 मिलिमीटर खाली हवी असेल तर सॅडल 1 मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असते. सॅडल बाहेर काढून खालच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारली, काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि रेघेपर्यंत सपाट घासलं. तळ तिरका झाला तर आवाज दबतो, म्हणून मधूनमधून सरळ पट्टीवर ठेवून बघायचं. वरची गोलाई अजिबात घासायची नाही.

नटाजवळ (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) तारा उंच वाटल्या तरी त्या खाचा मात्र घरी कानशीने खोल करू नका. केसभर जास्त गेलं की सुटी (न दाबलेली) तार खरखरते आणि नट बदलावा लागतो. त्यावर सोपा उपाय आहे. सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवायच्या आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावायचा. सूर नेहमीचाच राहतो, तारांची ओढ सुमारे 11 टक्के कमी होते आणि नटाच्या उंचीचा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीचे काही महिने शिकणाऱ्याने असंच वाजवावं.

एवढं झाल्यावर बोटांकडे वळायचं. डाव्या हाताची नखं पूर्ण कापलेली हवीत, नाहीतर बोट तारेवर उभं राहत नाही. बोटं दिसावीत म्हणून मुलं गिटार मांडीवर आडवी करतात आणि त्याने मनगट मुडपतं. गिटारचं तोंड समोर, नेकचं टोक थोडं वर, कोपर अंगापासून सुटलेलं. अंगठा नेकच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर.

"मामा, सी काय वाजना नाय." ही तक्रार सगळ्याच शिकणाऱ्यांची असते, म्हणून सी कॉर्ड जवळून बघू. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये. कॅपो लावलेला असेल तर फ्रेट कॅपोपासून मोजायच्या. तिसरी आणि पहिली तार सुटी वाजायला हवी. नटाजवळ दोन तारांत जेमतेम 7 मिलिमीटर अंतर असतं आणि बोटाचं टोक त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद. बोट जरा आडवं पडलं की शेजारची तार बंद झालीच.

कॉर्ड धरायची, पण सगळ्या तारांवरून हात फिरवायचा नाही. पाचवीपासून पहिलीपर्यंत एकेक तार छेडायची आणि कुठली बिघडली ते ऐकायचं. तार खरखरत असेल तर बोट फ्रेटच्या खोक्याकडच्या पट्टीपासून लांब पडलंय. पहिल्या फ्रेटची जागा साधारण 36 मिलिमीटर रुंद असते. तिच्या मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो, पट्टीला खेटून मागे दाबलं तर हलक्या हाताने भागतं. तार नुसतीच ठप्प वाजत असेल तर तिला दुसरं बोट लागतंय. सीमध्ये पहिली तार ठप्प झाली तर दोषी तर्जनी, चौथी झाली तर अनामिकेचं पोट. भाचीची पहिली तार बंद पडत होती. तर्जनीचा शेवटचा सांधा वाकवून बोट टोकावर उभं केलं आणि कोपर थोडं पुढे घेतलं, तशी तार मोकळी झाली.

किती दाबायचं हेही शिकवावं लागतं. बोट तारेवर नुसतं टेकवायचं आणि दुसऱ्या हाताने छेडत राहायचं: आधी ठप्प, मग खरखर, मग एकदम स्वच्छ सूर. तो आला की तिथेच थांबायचं. त्यापुढचा जोर वाया जातो, शिवाय तार ताणली जाऊन सूर चढतो. ट्यूनर बरोबर दाखवतो आणि कॉर्ड तरी बेसूर लागते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. बोटं दुखली तर हात सोडून पाच मिनिटं थांबायचं. फोड आला तर फोडायचा नाही, तो बसेपर्यंत वाजवणं बंद.

एकट्या ईमायनर (Em) कॉर्डपासून सुरू करा, तिला दोनच बोटं लागतात. मग एमायनर (Am), मग सी. एमायनरवरून सीवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलवायचंच नसतं, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचवीवर जाते. बदल इथूनच शिकवावा, कारण दोन बोटं खिळलेली असली की हात चाचपडत नाही. डी कॉर्डमध्ये बहुतेकदा पहिली तार बंद पडते, दुसऱ्या तारेवरची अनामिका तिला टेकते. एफची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची) एवढ्यात नको.

पुढे भजनाच्या पेटीबरोबर वाजवायची वेळ आली की गिटार पेटीवर लावा, मोबाइलच्या ट्यूनरवर नको, कारण जुन्या पेट्या हमखास थोड्या खाली-वर असतात. अर्धा सूर उतरवलेल्या गिटारवर सीचा आकार पहिल्या फ्रेटवरच्या कॅपोला पांढरी एक (पेटीवरचा सी सूर) देतो. बुवा काळी एक धरत असतील तर कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, काळी दोन असेल तर चौथ्यावर. कॅपो फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे आणि सरळ लावायचा. तो तिरका बसला तर सहावी किंवा पहिली तार खरखरते, आणि शिकणारा उगाच बोटांना दोष देत बसतो. कॅपो सरकवला की पेटीशी प्रत्येक तार पुन्हा एकदा जुळवून घ्या.