तुम्ही विचारलंत म्हणून: 2008 मध्ये आमच्या घराचं काय झालं?

पुण्याहून पाहुणे आले की कधी ना कधी हा प्रश्न येतोच: "अमेरिकेत घरांचे भाव गडगडले, तेव्हा तुमच्या घराचं काय झालं हो?" खरं सांगायचं तर फारसं काही झालं नाही. आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ प्लेनोला राहतो. ॲरिझोनात फीनिक्सजवळ चँडलरला माझी नणंद राहते. तिच्या घराची किंमत मात्र निम्म्यावर आली.

शहरोशहरीच्या घरांचे भाव मोजणाऱ्या केस-शिलर निर्देशांकात जानेवारी 2000 चा भाव 100 धरतात. फीनिक्स 2006 च्या मध्याला 227 वर होतं, 2011 मध्ये पुन्हा 100 वर आलं. डॅलस चढलंच होतं 126 पर्यंत. तिथून दहा-बारा टक्के उतरलं. (डेट्रॉइट तर फारसं न चढताच कोसळलं. मोटारींचे कारखाने बसले, घरंही बसली.)

रिकामी जमीन भरपूर असली की भाव फुगत नाहीत, असं सांगतात. मला ते पटत नाही. फीनिक्सभोवती काय कमी मोकळं वाळवंट आहे? तिथे बाहेरचे गुंतवणूकदार घरांमागून घरं घेत होते आणि पगाराचा कागद न बघता कर्जं मिळत होती. टेक्सासमध्ये राहतं घर तारण ठेवून रोकड काढण्यावर टेक्सास राज्याच्या स्वतःच्या घटनेचंच बंधन आहे. 1998 पर्यंत अशा कर्जाला जवळपास बंदी होती. नंतरही असं कर्ज धरून घरावरची सगळी कर्जं मिळून घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपुढे जाता येत नाही. माझ्या मते आम्हाला तारलं ते याच नियमाने.

त्या काळात नणंदेकडे गेलो होतो. शेजारच्या दारावर जप्तीची नोटीस, गवत करपलेलं, मागच्या पोहण्याच्या तलावातलं पाणी शेवाळून हिरवंगार. डास होतात म्हणून काउंटीची (म्हणजे जिल्हा प्रशासनाची) माणसं येऊन औषध टाकून जायची. ॲरिझोनात घरकर्ज थकलं तर बँक घर घेते, पण घर विकूनही न फिटलेल्या रकमेसाठी सहसा मागे लागू शकत नाही. म्हणून कित्येकांनी घर सोडून दिलं. नणंदेलाही तोच सल्ला मिळत होता. मुलांची शाळा सुटू नये म्हणून ती दोघं हप्ते भरत राहिली. मला त्यांचं फार कौतुक आहे, पण नोकरी गेल्यावर ज्यांनी घर सोडलं त्यांना नावं ठेवणं मला जमणार नाही.

डॅलस 2013 मध्येच जुन्या उच्चांकाला पोचलं. फीनिक्सला जवळपास पंधरा वर्षं लागली.

आता इथे नव्याने आलेली जोडपी विचारतात, "काकू, टेक्सासमध्ये भाव पडत नाहीत ना?" 2022 मध्ये डॅलसचा निर्देशांक 300 च्या पुढे गेला. 80 टक्क्यांचा नियम अजून आहे, पण नवीन घर घेण्यासाठी काढलेल्या कर्जाला तो लागू नाही, हे मी त्यांना आवर्जून सांगते.