स्पितीला जायचं तर शिमल्याकडून जा, हळूहळू चढत

इंदूरात कोणालाही सांगा की हिमाचलातल्या स्पितीला चाललोय, समोरचा लगेच म्हणणार मनालीहून जा, एका दिवसात काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव. पोचता येतं, खरंय, पण मनाली आहे साधारण 2,050 मीटरवर, काझा 3,800 च्या आसपास, मध्ये कुंझुम पास साडेचार हजाराच्या वर, आणि आपण वर्षभर राहतो साडेपाचशे मीटरवर. एका दिवसात एवढी चढाई म्हणजे अंगावर अत्याचार आहे. आम्ही तिघं, मी, दादा आणि वहिनी, शिमला-किन्नौरकडून गेलो आणि मला आता कोणी विचारलं तर मी दुसरा रस्ता सांगणारच नाही.

कारण साधं आहे. वर गेलं की हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो, पण प्रमाण तिथेही 21 टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब. चार हजार मीटरला तो समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो, म्हणजे एका श्वासात जेवढं इथे मिळतं तेवढं तिथे मिळत नाही, आणि ते भरून काढायला शरीराला दिवस लागतात, तास नाही. म्हणून डॉक्टर सांगतात की तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. किन्नौरच्या रस्त्याने हे बरंचसं आपोआप जमून येतं. शिमला 2,200, कल्पा 2,900 च्या वर, नाको 3,660, मग ताबोला थोडं खाली उतरायचं 3,280 ला, तिथून काझा. दादाला आधी बीपीचा त्रास होता म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारून निघालो, तुम्हीही विचारा, उंचीच्या त्रासाच्या गोळ्या गूगलवर वाचून घेऊ नका.

आषाढी झाली आणि निघालो. मालवा एक्सप्रेसने अंबाला, तिथून कालका, आणि कालक्याहून ती छोटी गाडी, 1903 पासून चालतेय, 96 किलोमीटरला पाच-सहा तास घेते पण मला तर वाटलं अजून थोडी हळू चालली असती तरी चाललं असतं. वहिनीने दशम्या, लसणाची चटणी, शेव आणि जिरावणची, म्हणजे आमच्या इंदुरी मसाल्याची पुडी घेतली होती, ती पुडी पार काझापर्यंत पुरली, तिथल्या उकडलेल्या बटाट्यावर जिरावण टाकून बघा कधी.

शिमल्याहून टॅक्सी केली. ड्रायव्हर भैया किन्नौरचेच, डोक्यावर हिरव्या मखमलीची टोपी, फार कमी बोलणारे. रामपूरच्या आधीच सतलज शेजारी येते आणि मग दोन दिवस सोडतच नाही. रस्ता डोंगर कोरून केलाय, म्हणजे डोक्यावर खडकाचं छप्पर, एका बाजूला खडकाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, खाली नदी. तरंडा देवीच्या देवळापाशी सगळ्या गाड्या थांबतात, ट्रकवाले, बसवाले, मिलिटरीवाले, सगळे उतरून हात जोडतात आणि मगच पुढे जातात. आम्हीही उतरलो. वहिनीने तिथे जे हात जोडले ते पुढची दहा मिनिटं जोडलेलेच होते.

पावसाळ्यात किन्नौरात दरड पडतेच, आम्हालाही एका ठिकाणी तीन-चार तास बसून राहावं लागलं. जेसीबी काम करत होता आणि वरून बारीक बारीक दगड येत होते, आणि लोक शांतपणे सफरचंद खात बसलेले. जून किंवा सप्टेंबर रस्त्यासाठी जास्त बरा. पण शेतं बघायची असतील तर जुलै-ऑगस्टच, आणि स्पितीत शेतं बघितली नाहीत तर काय बघितलं असं मी म्हणेन, का ते पुढे सांगते.

कल्प्याहून सकाळी किन्नर कैलासाचा डोंगर दिसला, नशीब. खाबला सतलज तिबेटकडून येते आणि स्पिती नदी तिला मिळते, तिथून सतलज सुटते आणि आपण स्पितीच्या बाजूने वर जायला लागतो. झाडं बघता बघता संपतात. पावसाचे ढग अलीकडच्या डोंगरांनी अडवलेले, त्यामुळे पलीकडे सगळं तपकिरी, राखाडी, कुठे जांभळट, आणि त्या कोरड्या डोंगरात लांबून एखादा हिरवा तुकडा दिसतो, अगदी कात्रीने कापून चिकटवल्यासारखा. तो तुकडा म्हणजे गाव. सुमदोच्या चौकीपाशी भैयांनी एक नदी दाखवली, परेछू. 2004 साली तिबेटात दरड कोसळून तिच्यावर तलाव झाला आणि 2005 च्या जूनमध्ये तो फुटला, खाली पार किन्नौरपर्यंत पूल आणि रस्ते वाहून गेले. त्या वेळी आपण किती लहान होतो आणि कुठे रात्र काढली हे ते इतकं साधेपणाने सांगत होते की आम्ही तिघंही गप्प झालो.

ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बाहेरून काही विशेष वाटत नाही, मातीच्या बुटक्या इमारती, बस. 996 साली बांधलाय, पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याच्या आश्रयाने, रिंचेन झांगपो नावाच्या विद्वान भाषांतरकाराच्या काळात. आमच्या माळव्यात भोजराजा तेव्हा गादीवरही आला नव्हता, हे मी हिशोब करून दादाला सांगितलं. आत फोटो काढायला मनाई आहे आणि ते फार चांगलं आहे. डोळे अंधाराला सरावले की भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती दिसायला लागतात, एकेक माणसाएवढी, भिंतीला टेकून अधांतरी बसलेली, मागे निळ्या-लाल रंगात चित्रं. मी एका मूर्तीच्या हाताकडे बराच वेळ बघत होते. बोटांची नखं सुद्धा केलीयेत, हजार वर्षांपूर्वी, मातीत. तिथले लामा सांगत होते की आता इथे अधूनमधून पाऊस पडायला लागलाय आणि मातीच्या छपराला बर्फ चालतं, पाऊस चालत नाही. बर्फ झाडून टाकता येतं ना. हे ऐकून खरंच पोटात कालवलं.

आता शेतं. काझाला अंग रुळू दिलं आणि मग किब्बरला एका घरी राहायला गेलो, 4,270 मीटर. घरातली काकू पन्नाशीची असेल, हिंदी छान बोलायची आणि आपण इंदूरचे लोक हिंदीत घरच्यासारखेच, त्यामुळे पहिल्या संध्याकाळीच वहिनी तिच्यासोबत चुलीपाशी बसून मटार सोलत होती. जुलैत मटार! आपल्याकडे मटार म्हणजे थंडी, मटारच्या कचोऱ्या, आणि इथे ऐन पावसाळ्यात पोती भरून खाली मंडीत जातायत, कारण या दिवसांत मैदानी भागात ताजा मटार नसतो आणि भाव मिळतो. आधी जवच मुख्य होतं, आता पैसा मटारचा. किब्बरचा अजून भरायचा होता, हे खालच्या गावातून आलेले. शेंगा इतक्या गोड की मी सोलता सोलता अर्ध्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू फावडं घेऊन निघाली, मी म्हटलं मी पण येते. शेताच्या कडेने कुहल जाते, म्हणजे पाट, हातभर रुंद, वर कुठेतरी वितळणाऱ्या बर्फापासून डोंगराच्या अंगाने फिरवत फिरवत आणलेला. पाणी राखाडी, दुधाळ, बोट घातलं तर हाडापर्यंत कळ जाते. पाटाच्या तोंडाशी मुळांसकट कापलेलं गवताचं एक ढेकूळ आणि त्यामागे जुन्या गोणपाटाचा बोळा. तिने फावड्याने ढेकूळ उचललं, बाजूला ठेवलं, बोळा काढला आणि पाणी चरीत शिरलं. आपल्याकडे गावाला दारं धरतात ना, अगदी तेच, बारं देणं, फक्त इथे दम लागतो. ती पाण्याच्या पुढे पुढे चालत होती, कुठे अडलं तर टाचेने माती सरकवायची, शेवटच्या रोपापर्यंत पोचलं की लगेच मागे फिरली, बोळा घातला, ढेकूळ जागेवर बसवलं आणि दोनदा पाय देऊन दाबलं. वरच्या बांधावर शेजारची बाई स्वतःचं फावडं घेऊन उभीच होती. कोणाची पाळी कधी हे गावाचं ठरलेलं आहे, घराण्यांप्रमाणे, जुन्या काळापासून. तिने एक मिनिट जास्त घेतलं नाही आणि दुसरीने एक शब्द विचारला नाही.

मी विचारलं, बर्फ कमी पडलं तर? ती म्हणाली मग पुढच्या उन्हाळ्यात पाट लवकर आटतो, मग आधी जव वाचवायचं की मटार यावर गावात बैठक होते. एवढंच. आम्ही इंदूरचे, आमचंही पाणी नर्मदेहून सत्तर किलोमीटरवरून पंपाने विंध्याचल चढून येतं, 1978 पासून, त्याच्यासाठी शहर रस्त्यावर उतरलं होतं हे घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं. पण पंप दिसत नाही, पाइप दिसत नाही, नळ दिसतो. इथे प्रत्येक बाईला माहितीये तिचं पाणी कोणत्या शिखरावरून येतं, ती बोट दाखवून सांगते. मला वाटतं मुलांना सुट्टीत डोंगर दाखवायला न्यायचं असेल तर हे दाखवा, हे मॉलरोडपेक्षा फार मोठं आहे.

घरात डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजतच नाही, कारण त्या उंचीवर पाणी 86-87 अंशांनाच उकळतं, पातेल्यात डाळ तासन्‌तास ठेवा, कडकच. शौचालय कोरडं, वर माती-राख टाकायची, वसंतात तेच खत शेतात. मिठाची लोणी घातलेली चहा दादाला इतकी आवडली की तो तीन वाट्या प्यायला, मला एकच पुरली.

लांग्झाला 4,400 मीटरवर काही मुलं दगडातले शंख विकायला आणतात. ते खरे आहेत, हा सगळा प्रदेश एकेकाळी टेथिस समुद्राचा तळ होता, पण घेऊ नका, जमिनीतलं जमिनीतच राहू दे. तिथे दादाचं डोकं जड झालं, ड्रायव्हर भैयांनी चर्चा न करता गाडी काझाकडे वळवली आणि खाली उतरल्यावर तासाभरात बरं वाटलं. हेच करायचं असतं, उतरायचं. हिक्कीमचं पोस्ट ऑफिस त्यामुळे दुसऱ्या दिवशी झालं, तिथून आईला पत्र टाकलं, आम्ही घरी पोचल्यावर बऱ्याच दिवसांनी आलं पण आलं.

परतताना मात्र कुंझुमवरून मनालीला उतरलो, तोपर्यंत अंग तयार होतं. कुंझुम देवीला गाडीने प्रदक्षिणा घातली, बातलपर्यंत आणि पुढे ग्राम्फूपर्यंत रस्ता म्हणजे नाल्यातले दगडच, कंबरेला पट्टा असेल तर लावा. मग 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा, आणि बाहेर पडलं की एकदम देवदार, पाऊस, ओली हवा.

जाणार असाल तर रोख पैसे बरोबर ठेवा, गावांमध्ये नेटवर्कचा भरवसा नाही. पेट्रोल काझाला भरून घ्या, पुढे मनालीकडे बराच वेळ काही मिळत नाही. हॉटेलपेक्षा गावातल्या घरी राहा, पैसा थेट त्या बाईच्या हातात जातो. आणि बाटलीबंद पाणी नेऊ नका, रिकाम्या बाटल्या उचलायला तिथे कोणी येत नाही, उकळलेलं पाणी मागितलं तर कोणीही प्रेमाने थर्मास भरून देतं.