खिडकीतले ऊन

जानेवारीतल्या एका थंड सकाळी पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात एक आजोबा आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू पोळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन आले. झाकण उघडल्यावर आत ओल्या नॅपकिनवर नऊ सेंटिमीटर लांबीचे कासव बसलेले दिसले. डोळ्यांमागच्या तांबड्या पट्ट्यावरून ते रेड-इअर्ड स्लायडर आहे हे लगेच कळले. डोळे मात्र दिसतच नव्हते, कारण दोन्ही पापण्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या फुगून मिटल्या होत्या.

"पंधरा दिवस काही खात नाही, म्हणून आम्ही खाणे दुप्पट टाकायला लागलो," आजोबा म्हणाले.

मी कवचाची कड अंगठ्याने हलकेच दाबली, तर ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी वाकली. या वयात ती नखासारखी टणक असायला हवी. एक्स-रेमध्ये पायांची हाडे इतकी फिकट आली की ती शोधावी लागली.

वास्तूला चांगले म्हणून कोणीतरी दोन वर्षांपूर्वी हे कासव भेट दिले होते, तेव्हा ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडेसेच मोठे होते. काचेच्या लहानशा टाकीत रंगीत खडे आणि प्लॅस्टिकचे माडाचे झाड होते. खायला दोन्ही वेळा वाळवलेली कोळंबी आणि दुसरे काहीही नाही. टाकी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतली जाई. उन्हाचे विचारल्यावर आजोबा थोडे दुखावल्यासारखे झाले. "खिडकीपाशीच असते की डॉक्टर. नऊ ते अकरा चांगले ऊन येते."

"आणि खिडकी उघडी असते?"

"थंडी आहे ना, काच ओढून घेतो. एरवीही कावळ्यांमुळे बंदच असते."

दुखणे तिथेच होते. उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे कासवाच्या त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होते आणि ते नसेल तर खाण्यातले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढून घेते. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळे अडते, त्यामुळे पाहणाऱ्याला कासव उन्हात बसलेले दिसते आणि कासवाला मात्र ऊन मिळतच नाही. पापण्या सुजल्या होत्या त्या अ जीवनसत्त्वाच्या अभावाने. हे कासव मुख्यतः नजरेने अन्न हेरते, त्यामुळे डोळे मिटल्यावर ते भरल्या ताटावर उपाशी राहिले होते, आणि दुप्पट टाकलेली कोळंबी पाण्यात कुजून सूज आणखी वाढवत होती.

आम्ही शिकलो ते मुख्यतः गायी-म्हशींवर. सुरुवातीच्या काळात अशाच एका कासवाला मी जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले होते आणि राहण्याच्या जागेबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. ते आठवड्याभरात गेले. म्हणून या वेळी अ जीवनसत्त्वाची मात्रा अगदी बेताची दिली, कारण ती जास्त झाली तर कातडी सोलवटून निघते, आणि उरलेला वेळ टाकीवर घालवला.

टाकीऐवजी दीडशे लिटरचा टब आला. त्यात पाणी तापवणारा हीटर लावून तापमान २६ अंशांच्या आसपास ठेवायचे ठरले, कारण थंड पडलेल्या कासवाला अन्न पचतच नाही. अंग कोरडे करून बसायला दोन विटांवर एक खडबडीत फरशी ठेवली आणि तिच्यावर ऊब देणारा दिवा व यूव्हीबीची नळी, मध्ये काच न ठेवता, टांगली. खाण्यात शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, लाल भोपळा आणि पाण्यात टाकायला समुद्रफेस, म्हणजे माकुळाचे कॅल्शियमयुक्त आतले कवच. पालकाची भाजी नको असे मी सांगितले, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकते. काट्यांसकट लहान मासे सुचवले, तेव्हा आजींनी फोनवरूनच, घरात मासा येणार नाही, असे बजावले. कुंडीतल्या गांडुळांना मात्र त्यांची हरकत नव्हती. सिंक त्या दिवसापासून बंद, कारण वरवर निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसांना जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याचमुळे.

बाराव्या दिवशी उजवा डोळा उघडला. शेजाऱ्यांनी तोवर कासव एखाद्या तळ्यात सोडून देण्याचा सल्ला दिला होता. ते मी साफ नाकारले, कारण हे मूळचे अमेरिकेतले कासव इथल्या तळ्यात तगले, तर तिथल्या कासवांच्या तोंडचा घास आणि उन्हाच्या जागा बळकावते.

जूनमध्ये ते पुन्हा आले तेव्हा कवच दाबून वाकत नव्हते; कडा मात्र वर वळल्या आहेत, त्या तशाच राहतील. काट्यावर ठेवताच कासव दोनदा उतरून पळाले. ते किती वर्षे जगेल असे आजोबांनी विचारले, तेव्हा मी नीट सांभाळले तर वीस-तीस, असे सांगितले. त्यांनी काही न बोलता नातवाकडे पाहिले. यूव्हीबीची नळी उजेड देत राहते, पण किरण हळूहळू कमी होत जातात. म्हणून ती बदलण्याची तारीख नातवाने टबवरच मार्करने लिहून ठेवली होती: १५ जुलै.